घासाची जागा

त्यांनी ते नाव घेतलं आणि मी उठून उभी राहिले.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये वीस-बावीस जर्मन बायका-पुरुष हातात कागद धरून उभे होते आणि मोठ्यांदा, चार आवाजांत, "मरीआई" म्हणत होते. उच्चार अगदी नीट होता. कुणीतरी त्यांना बसून शिकवला होता. माझ्या आईनं जे नाव घरातून काढलं आणि मरेपर्यंत पुन्हा तोंडात घेतलं नाही, ते नाव या लोकांनी आईच्याच ओवीत परत आणून बसवलं होतं. शनिवारची दुपार होती. सगळ्या खिडक्या बंद होत्या, त्यामुळे आवाज छताला लागून परत येत होता.

"बंद करा," मी म्हणाले. कुणाला कळलं नाही. मग ओरडले, "बंद करा ते! नाव काढा त्यातनं!"

समोर हात वर करून उभा असलेला माणूस वळला. त्यानंच ते गाणं बसवलं होतं. त्याचे हात तसेच वर राहिले. बायका गाता गाता एकेक करून थांबल्या. मागच्या रांगेतला एक जाडा पुरुष तेवढा शेवटपर्यंत गात राहिला, मग तोही थांबला.

माझ्या मुलानं पदर ओढला. "आई, बस खाली. लोक बघतायत."

"हे नाव कुणी सांगितलं यांना?"

"आई, घरी गेल्यावर बोलू."

"कुणी सांगितलं?"

त्यानं माझा पदर सोडला, त्यामुळे मला कळलं. सून मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

मुलगा उठला, त्या माणसाजवळ गेला आणि हळू आवाजात जर्मनमध्ये बोलला. मला तेव्हा जर्मनचे वीसेक शब्द येत होते. त्यातला एक मला ऐकू आला. फेरगेसलिश. म्हणजे विसराळू. हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता. त्याच आठवड्यात मुलगा फोनवर डॉक्टरकडची वेळ घेत होता, तेव्हा त्याच्या तोंडून तो दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा त्यानं माझ्याकडे बघितलं होतं. मी नातीला विचारलं. नातीला माझं सगळं मराठी समजतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. तिनं डोक्यावर बोट ठेवलं आणि हवेत भुर्रकन उडवलं.

तर असं होतं. त्या हॉलमध्ये दोनच गोष्टी खऱ्या असू शकत होत्या. एक तर आईनं ते नाव मुद्दाम काढलं होतं आणि मी ओवी बरोबर म्हटली होती. नाहीतर मी म्हातारपणी नाव विसरले होते आणि मुलानं माझी चूक भरून दिली होती. पहिलं मला माहीत होतं. दुसऱ्यावर बाकी सगळ्यांचा विश्वास होता. आणि पुढच्या आठ दिवसांत दोन ठरलेल्या गोष्टी होत्या, मंगळवारी डॉक्टर आणि रविवारी लोकांपुढे गाण्याचा कार्यक्रम.

हे इथवर कसं आलं ते सांगते.

मुलगा लुडविग्सहाफेनला केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. सून नदीपलीकडे मानहाइमला कंपनीत जाते. नवरा वारल्यावर मुलगा म्हणाला, आई, एकटी काय करतेस तिथं, ये इकडे. गेले. व्हिसा तीन महिन्यांचा मिळतो. तीन महिने झाले की परत नगरला, आणि तिथं पुन्हा एकटी.

पण नगरला एकटं राहणं आणि तिथं एकटं राहणं वेगळं. नगरला दार उघडं असतं. भाजीवाला ओरडतो, शेजारीण वाटी मागायला येते, कुणी नाही तर निदान कुत्रं येतं. तिथं सकाळी सातला तिघं बाहेर पडायची, दाराला आपोआप कुलूप बसायचं, आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत फ्रिजच्या आवाजाशिवाय काही नाही. खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या, त्यांच्यातून पांढरा धूर सरळ वर जायचा. वारा नसला की वास यायचा. खाली रस्त्यावर माणसं चालायची, पण त्यांच्या पायांचा आवाज वर येत नसे. मी पहिल्या महिन्यात खिडकीत उभी राहून ट्राम मोजल्या. दुसऱ्या महिन्यात मोजणं सोडलं.

मी रडले वगैरे नाही. रडून काय करायचं होतं? चटणी कुटायला घेतली.

लोखंडी खलबत्ता मी बॅगेतून नेला होता. मुलगा म्हणाला होता, "आई, मिक्सर आहे." मी म्हटलं, "मिक्सरला असू दे." दुपारी जेवण झालं की ओट्याखाली फरशीवर बसायचं, खाली जाड फडकं घालायचं आणि जवस नाहीतर कारळं कुटायची. हाताला काम असलं की तोंडातून ओवी येते. त्यात विशेष काही नाही, लहानपणापासूनची सवय. आमच्या घरी जात्यावर आम्ही तिघी बसायचो. आई, माझी थोरली बहीण आणि मी. जात्याच्या दोन बाजूंना त्या दोघी, आणि मी मधे पीठ ओढायला. मी चौथी शिकले ते शाळेत. बाकी जे येतं ते तिथलं.

पहिल्याच वर्षी एका दुपारी मी कुटत असताना खालून ठोकल्याचा आवाज आला. काठीनं छत ठोकतात तसा. ठक ठक ठक ठक. चार. मी थांबले. मुलानं सांगून ठेवलं होतं की इमारतीचे नियम जिन्यात लावले आहेत, दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही, जर्मन लोक पोलिसांनासुद्धा बोलावतात. मी गप्प बसले. जरा वेळानं वाटलं, गेला असेल. पुन्हा सुरू केलं. पुन्हा चार ठोके. मला राग आला. पोलीस बोलावायचे तर बोलाव की. मी मुद्दाम पुढची ओवी म्हटली आणि कान दिला. तेव्हा लक्षात आलं की हा माणूस वाटेल तेव्हा ठोकत नाही. मी गाताना तो गप्प असतो. माझं गाणं थांबायची जागा आली की तो बरोबर त्या जागेत ठोकतो.

माझ्या आईच्या घासात कोण हा ठोकणारा?

घास म्हणजे काय ते सांगायला हवं, आता जाती राहिली नाहीत. जातं फिरवताना मधल्या भोकात मूठमूठ धान्य टाकतात, तो जात्याचा घास. दुसऱ्या बायका लागेल तेव्हा टाकायच्या. आई ओवीच्या ठरलेल्या जागी टाकायची. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ती तोंड बंद करायची, घास घालायची, जात्याचे चार फेरे नुसते व्हायचे, आणि मग पुढे गायची.

दळण दळते बाई, सूप ठेवते उशाला
(इथं घास, चार फेरे)
बाई, माझ्या राख गं लेकराला.

त्या जागेत आधी मरीआईचं नाव होतं. गावात पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर ओढायचं काम आमच्या घराकडे होतं. साऱ्या गावाची पीडा गाड्यात भरायची आणि ती आमच्या लोकांनी ओढून न्यायची. एका वर्षी गाडा ओढून आले आणि चार दिवसांनी माझा धाकटा भाऊ पटकीनंच गेला. दीड वर्षाचा होता. मला त्याचं तोंड आठवत नाही. त्यानंतर काही वर्षांनी आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, घरोघरचे देव टोपलीत घालून नदीत सोडले. आमचेही सोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे आई दळायला बसली, ओवी म्हणत म्हणत त्या जागेला आली आणि तिथं तिनं तोंड बंद केलं, घास घातला. बहिणीनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. पुढे वाडीतल्या बायकांनी जुन्या नावाच्या जागी नवी नावं घातली. वडील आईला म्हणाले, "तूही घाल की एखादं." आई म्हणाली, "एकाला उठवून दुसऱ्याला बसवायचं तर उठवलं कशाला? आणि मी राखायला कुणाला सांगत नाही. माझी लेकरं मी राखते."

एक ओवी होती, "तिसरं दळण बाई, बाजरीचं जाडंभरडं," मग घास, मग "बाई, तोंड कर गं इकडं." पूर्वी देवीला म्हणायचे, तोंड इकडे कर. नाव गेल्यावर ते कुणालाच नव्हतं. पण समोर बसलेली बहीण दर वेळी दचकून वर बघायची, आणि आई म्हणायची, "तुला नाही गं, दळ तू." आम्ही हसायचो. ती बहीण पुढे बाळंतपणात गेली. आई तिच्या नंतर बरीच वर्षं जगली.

तर तो खालचा माणूस. तिसऱ्या दिवशी तो वर आला. मी साखळी लावून दार उघडलं. पन्नाशीच्या पुढचा, उंच, पांढरे केस मागे बांधलेले, स्वेटरला कोपरावर भोक. हातात पेन्सिल. तो जर्मनमध्ये काही बोलला, मी मराठीत म्हटलं, "घरात कुणी नाही, संध्याकाळी या." त्यानं दाराच्या चौकटीवर बोटांनी ठोकलं, माझ्या कुटण्याची चाल. मग थांबला, माझ्याकडे बघितलं आणि चार ठोके दिले. मी साखळी काढली.

तो चेक होता. मोराव्हिया म्हणून त्यांच्या देशाचा पूर्वेचा भाग आहे, तिथला. संगीत लिहायचा. गावच्या म्हाताऱ्यांची गाणी घ्यायची आणि ती मोठ्या वाद्यांसाठी, पुष्कळ माणसांसाठी नव्यानं लिहायची हे त्याचं काम. त्यावर पोट भरत नव्हतं, म्हणून मुलांना पियानो शिकवायचा आणि चर्चमधल्या गाणाऱ्यांना शनिवारी शिकवायचा. एकटाच राहायचा. हे सगळं मला सुनेकडून नंतर कळलं. त्यानं एकदा त्याचं संगीत मला ऐकवलं. मला आवडलं नाही. मधूनच कपाट सरकवल्यासारखा आवाज येत होता. तोंड बघून त्याला कळलं, तो खूप हसला. मग त्याच्या घरातलं एक वाद्य दाखवलं, तारांची मोठी सपाट पेटी, तिच्यावर कापूस गुंडाळलेल्या दोन काड्यांनी मारायचं. ते बरं होतं.

त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा यायचा. आवाज टिपणारं डबीसारखं यंत्र टेबलावर ठेवायचा, मी कुटत गायची, तो ऐकायचा. चहा प्यायचा. मला "फ्राउ नाखबारिन" म्हणायचा, म्हणजे शेजारीणबाई. मी त्याला काहीच म्हणत नव्हते, "अहो" म्हणायचे. तो त्यालाच माझं नाव समजला की काय कोण जाणे, मलाही "अहो" म्हणायला लागला. सून एकदा लवकर घरी आली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना "अहो, अहो" करत चहा पीत होतो. ती दारातच बसली हसत. "आई, तो तुम्हाला नवऱ्याला मारावी तशी हाक मारतोय."

"मारू दे. कुणी मारत नाही."

मी गायले ते त्याच्या संगीतासाठी नाही. तो आला की दारावर कुणीतरी आलेलं असायचं, एवढंच.

जायच्या आदल्या आठवड्यात त्यानं कागद काढला. रेघा आणि काळे ठिपके. त्यातली मोकळी जागा दाखवून खांदे उडवले. इथं काय? घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "घास." मूठ करून धान्य टाकून दाखवलं.

"ग्रास?" तो म्हणाला.

"हो, घास."

"आ! ग्रास!" त्याला फार आनंद झाला. कागदावर लिहून घेतलं. मलाही बरं वाटलं की कळलं बाई एकदाचं. जर्मनमध्ये ग्रास म्हणजे गवत. हे मला पुढच्या वर्षी समजलं.

मी नगरला परत गेले. त्या हिवाळ्यात त्यानं माझ्या चौदा ओव्या गायकांसाठी लिहिल्या आणि शब्द तपासायला माझ्या मुलाकडे दिले. मुलानं बघितलं तर प्रत्येक ओवीत मधेच गवत. त्याला वाटलं आई काहीतरी बरळली. आधीच त्याच्या डोक्यात किडा होता. मी एकदा गॅस चालू ठेवला होता, एकदा उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसले होते. त्यानं कॉम्प्युटरवर शोधलं, दुसऱ्या कुठल्या गावच्या बायकांच्या ओव्या सापडल्या, त्यात तशाच जागी मरीआई. मोजून बघितलं, बरोबर बसलं. गवत खोडलं आणि चौदा ठिकाणी मरीआई लिहिलं. शिवाय त्या माणसाच्या घरी जाऊन उच्चार शिकवला. मला काही सांगितलं नाही. मी पुन्हा गेले तेव्हा "आई, तुला एक गंमत दाखवायची आहे" म्हणून शनिवारी मला त्या हॉलमध्ये नेऊन बसवलं.

ती ही गंमत.

घरी येताना ट्राममध्ये मी एकीकडे बसले, ती तिघं दुसरीकडे. घरी मुलानं बूट काढता काढता सुरू केलं.

"आई, मी चांगल्यासाठीच केलं. लोकांपुढे गवत गवत म्हणणार होते ते."

"मला फोन का नाही केलास?"

"तुला वाटलं असतं मी तपासतोय."

"तपासतच होतास."

"मग सांग ना, त्या जागी काय होतं?"

"घास होता."

"घास हा शब्द ओवीत कसा बसेल? शब्द हवा ना तिथं काहीतरी!"

"तिथं शब्द नव्हता. आजीनं काढला होता."

त्यानं सुनेकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. माझ्या सासूच्या शेवटच्या दिवसांत मी आणि नवरा असेच बघायचो.

"आजीनं काढला, हे कुणाला विचारू मी?" तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. खरंच विचारत होता.

आई नाही, बहीण नाही. वाडीतल्या त्या वेळच्या बायका कुणी उरल्या नाहीत. मुलाला मी कधी सांगितलं नव्हतं, कारण तो वाढला तो गिरणीच्या पिठावर. घरात जातं नव्हतं तर घास कुठे सांगायचा? हे माझ्याकडून राहिलं. मी आत जाऊन पडले. नात दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "ये." ती म्हणाली, "नाइन, आजी, पापा म्हणाला तुला झोपू दे." पहिलं जर्मन, बाकी मराठी. ते तिचं पहिलं लांब मराठी वाक्य, आणि ते हे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी तो खालचा वर आला. मला वाटलं रागावून आला असेल. त्याच्याबरोबर कॉम्प्युटर होता आणि काखेत एक लाकडी टिकटिक करणारं यंत्र, ताल धरायचं. मुलगा आणि सून टेबलाशी बसले. मी ओट्याशी उभीच राहिले. सून मला एकेक सांगत गेली.

त्यानं रात्रभर माझ्या ओव्या पुन्हा ऐकल्या होत्या. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या, काही जवस कुटताना, काही कारळं, एक दिवस मला ताप होता ती सुद्धा. त्यानं टिकटिक लावली आणि माझा आवाज लावला. मी पहिल्यांदाच ऐकत होते. घोगरा आवाज, मधे नाक ओढलेलं. पहिली ओळ, मग आवाज बंद, बत्ता चार वेळा, मग दुसरी ओळ. दुसरी ओवी. चार वेळा. त्यानं मुलाला बोटं मोजायला लावली. माझा एवढा शिकलेला मुलगा बोटं मोजत बसला. चौदाही झाल्या. एकदाही तीन नाही, पाच नाही. तापाच्या दिवशी चाल हळू होती, पण जागा चारच.

"तो म्हणतोय," सून म्हणाली, "विसरणारा माणूस अडखळतो. लवकर पुढे जातो किंवा उशिरा जातो. एवढं मापात कुणी विसरत नाही. ही गाण्याची जागा आहे, कुणीतरी ठेवलेली."

मुलगा प्रयोगशाळेतला माणूस आहे. माप दाखवलं की गप्प होतो.

मी म्हटलं, "त्याला विचार, हे त्याला कळत होतं तर माझ्या पोराला का विचारलं? मला का नाही?"

सुनेनं विचारलं. त्यानं कपाळ चोळलं. मग बोलला, आणि सून सांगताना अडखळली. त्याच्या गावी त्याची आजी एक गाणं म्हणायची, त्यातली तिसरी ओळ ती कधीच म्हणायची नाही. नुसती ओठ मिटून गुणगुणायची. तो सात वर्षांचा असताना त्यानं विचारलं, इथं काय आहे? आजीनं थोबाडीत मारली. पुन्हा त्यानं विचारलं नाही, आजी गेली, आणि ती ओळ काय होती हे त्याला आजवर माहीत नाही. "म्हणून म्हाताऱ्या बायकांना अशा जागेबद्दल दोनदा विचारायची त्याला भीती वाटते," सून म्हणाली. "एकदा तुम्हाला विचारलं, तुम्ही गवत म्हणालात. मागाहून त्याला त्या गवताचा अर्थ लागेना, तेव्हा तुम्हाला सांगायचं नाही असं त्याला वाटलं."

मी त्याच्याकडे बघितलं. पन्नाशीचा बाप्या आणि अजून गाल धरून उभा. मग मी सगळं सांगितलं. गाडा, भाऊ, टोपली, नदी, दुसऱ्या दिवशीची पहाट. सून सांगत गेली तसा मुलगाही ऐकत होता. एकच गोष्ट तो दोनदा ऐकत होता, एकदा मराठीत आणि एकदा जर्मनमध्ये. त्याला एक मामा होता आणि तो दीड वर्षाचा गेला, हे त्याला त्या दिवशी कळलं.

"आई, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मी सांगितलं नव्हतं."

खालच्यानं कागद पसरले आणि पेन्सिल माझ्यापुढे केली. मुलानं लिहिलेलं नाव मी खोडरबरानं पुसलं. चौदा ठिकाणी. पुसायला वेळ लागतो, तो दाबून लिहितो. मग प्रत्येक जागी मी माझ्या अक्षरात लिहिलं, घास. माझं अक्षर चौथीतलंच आहे, घ मोठा येतो आणि स खाली उतरतो. त्यानं विचारलं, त्या जागी दगडावर दगड घासल्याचा आवाज काढू का, त्याच्याकडे एक माणूस आहे जो असे आवाज काढतो. मी म्हटलं, काही नको. तो म्हणाला, निदान त्या तारांच्या पेटीवर हळूच चार ठोके? तिथं तो मुलासारखा हट्ट करायला लागला. मी म्हटलं, "अहो, काही नको म्हटलं ना." सुनेनं त्याचं भाषांतर केलं नाही. लागलं नाही.

मंगळवारी मला डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. वेळ रद्द केली का पुढे ढकलली ते मी विचारलं नाही.

त्या पुढच्या रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. शंभरेक माणसं होती, बरीचशी माझ्या वयाची, कोट काढून मांडीवर घेऊन बसलेली. त्या गाणाऱ्या लोकांनी मला हात केला, जाडा पुरुषही. त्यांच्यातल्या एका बाईनं आदल्या दिवशी विचारलं होतं म्हणे, हा शब्द कसा म्हणायचा, आणि खालच्यानं तिला सांगितलं होतं, म्हणायचा नाही, तोंड बंद ठेवून चार मोजायचे.

पहिल्या ओवीत ते त्या जागेला आले आणि सगळे गप्प झाले. वीस-बावीस माणसं तोंड मिटून उभी. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला वाटलं गाणं संपलं, त्यानं टाळ्या वाजवल्या. त्याच्या बायकोनं त्याचा हात दाबला. तोवर चार झाले होते आणि ते पुढे गायला लागले होते. दुसऱ्या ओवीपासून लोकांना कळलं. तिसऱ्या ओवीत, "बाई, तोंड कर गं इकडं" आलं तेव्हा मी समोर बघितलं. समोर कुणी दचकलं नाही. कोण दचकणार?

शेजारी मुलगा मांडीवर बोटं मोजत होता. चौदाव्यापर्यंत मोजली.

त्या संगीतात मधे मधे कपाट सरकवल्यासारखा आवाज होताच. तो मला तेव्हाही आवडला नाही. मी त्याला तसं सांगितलं, तो हसला. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा खालच्या घरात एक तरुण जोडपं आलं होतं. तो परत आपल्या गावाकडे गेला होता, आजीच्या घरी राहायला. जाताना मुलाकडे माझ्यासाठी एक कागद ठेवून गेला होता, त्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं, "अहो". अ उलटा काढला होता. मी दुपारी खलबत्ता घेऊन फरशीवर बसले, जवस कुटलं, चौदा ओव्या म्हटल्या. खालून कुणी ठोकलं नाही. संध्याकाळी जिन्यात चिठ्ठी लावलेली होती, दुपारी एक ते तीन शांतता पाळावी. मुलानं वाचून दाखवली.

आता मी नगरला असते. गुडघ्यांमुळे विमानात बसवत नाही. मुलगा रविवारी फोन करतो.

त्या जात्यावर आम्ही तिघी बसायचो. बहीण गेली, आई गेली. मी आहे.